पिवळी गदा आणि धामणकरांची चिठ्ठी

धामणकर गेल्याची बातमी संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी आली आणि दुपारपर्यंत सगळ्यांचे हात जोडून झाले. त्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांना हयातीत कधी नमस्कार केला नव्हता. चार वाजता सभागृहात शोकसभा झाली. निदेशक साहेब, म्हणजे आमचे संचालक, म्हणाले, "धामणकर जी बहुत सीधे आदमी थे." मग आणखी तिघे बोलले आणि तिघांनीही तेच सांगितलं. साधे होते, शांत होते, कधी काही मागितलं नाही. मला बोलायला बोलावलं तेव्हा घसा बसल्याचं कारण सांगून मी जागेवरच बसून राहिले. कारण ते शेवटचं वाक्य खोटं होतं. धामणकरांनी एक गोष्ट मागितली होती, रीतसर अर्ज करून मागितली होती. ती त्यांना कोणामुळे मिळाली नाही, हे त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं.

मी अकोल्याची. पीएच.डी. संपवून लखनौच्या या सरकारी वनस्पती संस्थेत लागले आणि हर्बेरियममध्ये येऊन पडले. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडापानांचा आणि बुरश्यांचा संग्रह. लोखंडी कपाटं, कागदी पाकिटं आणि डांबरगोळ्यांचा वास. तिथे धामणकर टेक्निशियन होते. मूळचे संगमेश्वरकडचे. थोरला भाऊ हवाई दलात होता, त्याच्यामागोमाग तरुणपणी इकडे आले, भाऊ बदली होऊन गेला आणि हे राहिले. हिंदी बोलताना लखनौवाल्यांसारखं स्वतःला 'हम' म्हणायचे, पण मराठी बोलायला लागले की थेट संगमेश्वर. उंच, खांद्यात वाकलेले, बारा महिने करड्या रंगाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. ते भिंग त्यांनी जेवतानासुद्धा काढलेलं मी पाहिलं नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं विमान खाली आणलं. बाहेर आवारात एक अळंबी उगवली होती, ती मी उपटून आणली आणि टेबलावर ठेवत तिचं लॅटिन नाव ठणकावून सांगितलं. धामणकरांनी ती उलटीपालटी केली, हुंगली, आणि विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, पुस्तकात फोटो आहे.

"अच्छा. म्हणजे फोटोनं सांगितलं. हिनं अजून काही सांगितलेलं नाही."

मी चिडले. मी शास्त्रज्ञ, हे टेक्निशियन, आणि वर माझीच परीक्षा घेणार. पण दुसऱ्या दिवशी तिचे बीजाणू मायक्रोस्कोपखाली पाहिले तेव्हा माझं नाव साफ चुकलेलं निघालं. त्यांनी नुसता चहा पुढे सरकवला. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"घाई कोणाला आहे? तिला तर नाही," हे त्यांचं पालुपद होतं. 'ती' म्हणजे टेबलावरची जी कोणती बुरशी असेल ती. वरून फाईल आली, साहेबांचा फोन आला, पाहुणे दारात उभे राहिले, तरी हेच. पाहणं, हुंगणं, चिमटीत धरून वाकवणं, कापून रंग बदलतो का बघणं, आणि अगदी शेवटी, जी त्यांना पक्की ठाऊक असे तिचा नखाएवढा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवून थुंकून टाकणं. हा शेवटचा प्रकार त्यांनी कोणालाही शिकवला नाही. "इंगळे मॅडम, हे विद्यार्थ्यांसमोर नको. एखादा उत्साही निघायचा आणि आपल्याला त्याच्या घरी जावं लागायचं."

त्यांचा जेवणाचा डबा तीन पुडांचा होता. खालच्या पुडात पोळ्या, मधल्यात भाजी आणि वरच्या पुडात ओल्या शेवाळावर ठेवलेले नमुने. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हा वरचा पूड वेगळा घासावा लागे आणि त्या रोज कुरकुरत घासत.

आता चिठ्ठीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. प्रत्येक नमुन्याच्या पाकिटात एक चिठ्ठी लावलेली असते. त्यावर नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारा आणि शेवटी 'नाव ठरवणारा'. पुढे कोणाला ते नाव चुकीचं आहे असं आढळलं, तर जुनी चिठ्ठी काढत नाहीत, त्यावर रेघही मारत नाहीत. तिच्याखाली नवी चिकटवतात. चुकणारा आणि सुधारणारा दोघेही आपापल्या सहीसह त्याच पाकिटात राहतात, कपाट आहे तोवर. धामणकरांना ही रीत फार प्रिय होती. जगात एवढी एकच जागा आहे, म्हणायचे, जिथे चूक लपवता येत नाही आणि त्याबद्दल कोणी ओरडतही नाही.

पण 'नाव ठरवणारा' या शब्दांपुढे सही शास्त्रज्ञाची. टेक्निशियननं सही करायची नाही, हा नियम मी कुठे छापलेला पाहिला नाही, पण सगळे तो पाळत. म्हणजे व्हायचं असं, की धामणकर नाव शोधायचे, आपल्या तिरक्या अक्षरात लिहायचे आणि सहीसाठी पाकीट कोणाच्या तरी टेबलावर ठेवायचे. आमच्या कपाटांतली शेकडो नावं त्यांनी ठरवलेली आहेत. त्यांची सही एकाही चिठ्ठीवर नाही. माझ्या सहीच्या पहिल्या कितीतरी चिठ्ठ्याही तशाच आहेत. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

याची भरपाई त्यांनी घरी केली होती. जानकीपुरममधल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीला चिठ्ठी होती. 'रवा, जाड. ठिकाण : अलीगंज बाजार. नाव ठरवणारा : सौ. शालिनी धामणकर.' मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी साबुदाण्याची बरणी खाली काढून दाखवली. तिला दोन चिठ्ठ्या होत्या, वरची भगरीची आणि खालची साबुदाण्याची.

"अगं वैशाली, एका उपासाला मी घाईत भलतीच चिठ्ठी लावली. तर यांनी ती काढू दिली नाही. खाली नवी लावली."

त्यांची मुलगी कॉलेजात होती, तिला मराठी सगळं समजे पण उत्तर हिंदीत यायचं. "मम्मी की ग़लती परमानेंट है, दीदी," ती म्हणाली. धामणकर गालातल्या गालात हसत पोळी मोडत होते. ऑफिसात ते मला न चुकता 'इंगळे मॅडम' म्हणत आणि 'तुम्ही' म्हणत. घरी आले की मी वैशाली होते, आणि ते माझे काका.

ती पिवळी बुरशी त्यांना सापडली चिनहटच्या पलीकडे. फैजाबाद रोडवरून आत गेलं की एका बंद पडलेल्या शाळेचं मैदान होतं. शाळा मोडून कैक वर्षं झालेली, पण मैदान तसंच. त्याला कधी नांगर लागला नव्हता, खत पडलं नव्हतं, नुसत्या बकऱ्या चरायच्या. रविवारी धामणकर स्कूटरवरून तिथे जात. काकू म्हणायच्या, लोक इमामबाडा बघायला जातात, आमचे हे बकऱ्यांचं कुरण बघायला. भाद्रपदातल्या एका सोमवारी त्यांनी डब्याचा वरचा पूड माझ्यापुढे उघडला. शेवाळावर तीन पिवळ्याधमक काड्या आडव्या ठेवल्या होत्या. करंगळीएवढ्या, खाली निमुळत्या, वर जाड होत गेलेल्या, ना छत्री ना फांदी. रामलीलेतल्या हनुमानाची गदा कोणीतरी लहान करून ठेवावी तशा. रंग मात्र अंड्याच्या बलकाचा.

मी लगेच तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. ते हसले. "शिकलात," म्हणाले.

गवतात उगवणाऱ्या या पिवळ्या गदा चार जातींच्या असतात आणि वरून सगळ्या बहिणी. एक घोळक्यानं उगवते, एक एकेकटी. एकीचं टोक फिकट असतं, एकीला शेंड्याला फांद्या फुटतात. पण पोटभेद कळतो तो बीजाणूंवरून. त्यातल्या एकेकट्या उगवणारीचं, म्हणजे सगळ्यांत जास्त सापडणारीचं, लॅटिन नाव क्लॅव्युलिनॉप्सिस हेल्वोला. तिच्या बीजाणूंवर काटे असतात, बाकीच्यांचे गुळगुळीत. काटे दिसले तर हेल्वोला, प्रश्न मिटला. मात्र त्यासाठी गदा पुरती पिकलेली हवी. कोवळी असेल तर ती बीजाणू सोडतच नाही. या तिन्ही कोवळ्या होत्या.

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा आणि शेवटचं चाखायला दिलं. ही जहरी कुळातली नाही, पण गिळायचं नाही, म्हणाले. मी जिभेवर ठेवलं आणि थुंकलं. कडू. कारल्याचं पाणी प्यायल्यासारखं, मागाहून चढत जाणारं कडू. दोन पेले पाणी प्यायले तरी जाईना.

"हेल्वोला इतकी कडू नसते," धामणकर म्हणाले. "घोळक्यानं उगवते ती कडू असते. पण ही तर एकेकटी उभी होती."

त्यांच्या आवाजात मी तोवर न ऐकलेलं काहीतरी होतं. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्यांसाठी नावं शोधणाऱ्या माणसाला वाटत होतं की ही कदाचित कोणीच नोंदलेली नसेल. त्याच आठवड्यात त्यांनी अर्ज दिला. या एका नमुन्याचं नाव निश्चित झाल्यावर चिठ्ठीवर नाव ठरवणारा म्हणून आपल्याला सही करू द्यावी. एवढंच. तीन महिन्यांनी उत्तर आलं की नाव ठरल्यावर प्रकरण अनुभाग प्रभारींमार्फत, म्हणजे विभागप्रमुखामार्फत, पाठवावं. तोवर अनुभाग प्रभारी मी झाले होते. मी त्यांना माझ्या टेबलासमोर बसवून सांगितलं, "काका, ही चिठ्ठी तुमच्याच सहीनं लागेल. मी पाठवते वर. माझा शब्द."

ऑफिसात मी त्यांना काका म्हणाले म्हणून ते जरा अवघडले. "आधी तिचं नाव तर ठरू दे," म्हणाले.

दुसऱ्या वर्षी बकऱ्या त्यांच्याआधी पोचल्या. कुरतडलेले बुंधे तेवढे मिळाले. तिसऱ्या वर्षी, निवृत्तीला सहा महिने राहिले असताना, धामणकर दर रविवारी जाऊ लागले. काड्या वर आल्या होत्या, अजून आठदहा दिवसांत पिकतील असा त्यांचा अंदाज होता. आणि नेमकं तेव्हाच संस्थेकडे त्या मैदानाच्या अहवालाचं काम आलं. मैदान गोदामासाठी विकलं गेलं होतं. तिथे काय काय उगवतं याची यादी करून बांधकामाला परवानगी देणाऱ्या समितीला द्यायची होती, आणि शुक्रवारी द्यायची होती.

काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, धामणकर चार दिवस रजेवर होते. मी यादी केली. गवतं, तणं, दोनतीन अळंब्या, आणि शेवटी पिवळी गदा. तिच्यापुढे मी 'नाव अनिश्चित' लिहिलं. निदेशक साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मैडम, यह अनिश्चित नहीं चलेगा. कमेटी पूछेगी क्या चीज़ है, फिर एक सीज़न और माँगेगी. कुछ तो होगा इसका नाम."

पुढच्या महिन्यात माझी बढतीची मुलाखत होती आणि मुलाखतीच्या समितीवर साहेब होते. त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. करायची गरज नव्हती, तो मीच मनात केला. मी 'अनिश्चित' खोडून हेल्वोला लिहिलं. सगळीकडे सापडते, कोणी प्रश्न विचारणार नाही. आता आमच्याकडे आणखी एक नियम आहे. अहवालात नाव द्यायचं तर संग्रहात त्या नावाचा सही केलेला नमुना हवा. मी धामणकरांचा खण उघडला. पहिल्या वर्षीच्या त्या तीन कोवळ्या काड्या वाळून पाकिटात होत्या. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, गोळा करणारा, सगळं त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं. नाव कोरं आणि सही कोरी. ती चिठ्ठी बाजूला ठेवून मी नवी लिहिली. नाव लिहिलं, सही केली आणि चिकटवली. पाच मिनिटांचं काम.

मी स्वतःला सांगितलं की ही नुसती यादी आहे, वेळ आल्यावर दुरुस्त करू. माणूस स्वतःला काय काय सांगतो त्याला सुमार नसतो.

सोमवारी धामणकर आले. मी काचेच्या पार्टिशनमधून पाहत होते. त्यांनी खण उघडला, पाकीट उघडलं, आणि भिंग डोळ्याला लावून माझी चिठ्ठी वाचली. ती साध्या डोळ्यांनीही वाचता आली असती. मग ते माझ्याकडे आले. मी त्यांना बोलू दिलं नाही. वेळ नव्हता, साहेब मागे लागले होते, आपण लवकरच तुमची चिठ्ठी लावू, असं बरंच काही भरभर बोलून घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कडू होती, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही चाखली होतीत."



पुढच्या रविवारी त्यांना पिकलेली सापडली, एकच. ती त्यांनी काचपट्टीवर ठेवून वर काकूंची स्टीलची वाटी पालथी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर पिठासारखा पांढरा डाग पडला होता. ऑफिसात आल्याआल्या त्यांनी मला मायक्रोस्कोपकडे बोलावलं. मी डोळा लावला. गोल, चकचकीत, गुळगुळीत थेंब. बाजूला एक छोटी चोच.

"काटे दिसतात?"

"नाही."

"मग ही ती नाही."

"मग कोणती?"

"फांद्या नाहीत, घोळका नाही, टोक फिकट नाही, आणि एवढी कडू. चौघींपैकी कोणीच बसत नाही. पण एका काडीवरून मी नाव सांगणार नाही. अजून एक हंगाम हवा, मॅडम. तुम्ही समितीला एक ओळ लिहा. चूक झाली, नाव अनिश्चित आहे. ते लोक हंगामभर थांबतील."

एकच ओळ होती. मी साहेबांकडे गेले. ते लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले की रिपोर्ट जा चुकी है, और मैडम, फफूँद ही तो है, म्हणजे बुरशीच तर आहे. मी खाली आले आणि धामणकरांना सांगितलं की साहेब नको म्हणतात. हे खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. अहवालावर सही माझी होती. समितीचा पत्ता माझ्याकडे होता. पत्र मला लिहिता आलं असतं, त्याला साहेबांची परवानगी लागत नव्हती. मुलाखतीला तीन आठवडे उरले होते म्हणून मी ते लिहिलं नाही. धामणकरांना हे कळत होतं. ते काचपट्टी पुसायला लागले.

दिवाळीनंतर मैदानावर जेसीबी आले. धामणकर रजा टाकून जाऊन आले. दुपारी ऑफिसात परतले आणि बेसिनपाशी उभे राहून डब्याचा वरचा पूड घासू लागले. तो घासण्यासारखा नव्हता, रिकामाच होता. नळ बराच वेळ चालू होता, आम्ही कोणी जाऊन तो बंद केला नाही.

फेब्रुवारीत ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, समोसे. भाषण मी केलं, कारण तोवर माझी बढती झाली होती. साधे होते, शांत होते, कधी काही मागितलं नाही, असं मीच बोलले. शोकसभेत जे फिरत होतं ते माझंच वाक्य होतं, लोकांनी तिथून उचललेलं. धामणकर खुर्चीत शाल सावरत बसले होते. ते वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तरी मी पुढे बोलत राहिले.

वर्षभरानं मी तो नियम बदलून घेतला. आता आमच्याकडे टेक्निशियनही नाव ठरवणारा म्हणून सही करू शकतात. त्यासाठी मला फक्त एक टिपण लिहावं लागलं आणि ते आठ दिवसांत मंजूर झालं. इतकी वर्षं अडलेली गोष्ट आठ दिवसांत. मी त्या दिवशी खूश होते, हेही कबूल करते. एक कोरी चिठ्ठी घेऊन मी जानकीपुरमला गेले. काकूंनी तोंड भरून स्वागत केलं, पोहे टाकले. धामणकर खिडकीपाशी बसले होते. आणखी वाकले होते. मी नियमाची प्रत त्यांच्या हातात दिली, मग चिठ्ठी पुढे केली. म्हटलं, माझ्या चिठ्ठीखाली तुमची लागेल, रीतीप्रमाणे.

"आणि नाव काय लिहू?"

"अनिश्चित लिहा. सही तुमची राहील, काका."

 आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, आताही चढवला नाही.

"मॅडम, मला नाव लिहून खाली सही करायची होती. नाव तर आता मिळायचं नाही. ज्या मातीत ती होती ती ट्रकात भरून गेली. तुमच्या चिठ्ठीखाली नुसता एक कागद हवाय, तुम्हाला झोप लागावी म्हणून. त्याला माझी सही कशाला पाहिजे?"

काकू स्वयंपाकघरातून "अहो" म्हणाल्या. त्या घरात धामणकरांनी मला मॅडम म्हटलं ते पहिल्यांदा, आणि त्यांनी ते मुद्दाम म्हटलं हे मला आणि काकूंना दोघींनाही कळलं. मी पोहे खाल्ले. कसे खाल्ले ते विचारू नका. निघताना काकूंनी नेहमीसारखी मेतकुटाची बरणी दिली. धामणकर उठले, माझ्या हातातून बरणी घेतली, टेबलापाशी जाऊन चिठ्ठी लिहिली आणि लावून परत दिली. ठिकाण जानकीपुरम, तारीख, करणारी सौ. शालिनी धामणकर. नाव कोरं सोडलं होतं.

"घरी नेऊन चाखा," ते म्हणाले. "मग लिहा."

त्या बरणीतलं मेतकूट मी खाल्लं नाही. बरणी अजून आहे, चिठ्ठीही आहे, नाव अजून कोरं आहे.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं, आणि त्यांनी मला पाहिलं नाही. गेल्या भाद्रपदात मी बाराबंकीकडून परत येत होते, तिकडेही एका जमिनीची यादी करायची होती. चिनहटच्या आत एक कागद पोचवायचा होता म्हणून ड्रायव्हरनं गाडी आतल्या रस्त्यानं घेतली. गोदाम आता पुरं झालं आहे, निळ्या पत्र्याचं, मैदानाएवढं. पुढे ट्रकांची रांग लागली होती, म्हणून आम्ही थांबलो. कुंपणाची भिंत आणि रस्ता यांच्या मधे हातभर रुंदीची एक पट्टी होती. भिंतीच्या अगदी लगत जेसीबीचं पातं पोचलं नसणार. तिथे जुनं गवत शिल्लक होतं.

त्या गवतात धामणकर उकिडवे बसले होते. करडा शर्ट, गळ्यात नाडीचं भिंग, शेजारी डब्याचा वरचा पूड उघडा. बोटांनी गवत बाजूला करत ते भिंतीच्या कडेनं तसेच बसल्या बसल्या पुढे सरकत होते. गोदामाचा वॉचमन काठी घेऊन त्यांच्या मागे उभा होता आणि "चाचा, उठिए अब, साहब लोग देखेंगे," असं पुनःपुन्हा म्हणत होता. धामणकर त्याला हात वर करून थांबायला सांगत होते. भिंत संपेपर्यंत ते गेले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, डब्याचा पूड उलटा केला, त्यातलं शेवाळ झटकून टाकलं आणि झाकण लावलं.

गाडीची काच खाली होती. मी हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. पुढचा ट्रक हलला. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मैडम, रुकना है क्या?"

"नहीं भैया," मी म्हटलं. "चलिए, देर हो रही है."